संमती कट्ट्यावर आणि घरात

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा जाडजूड पुस्तक बगलेत धरून स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. आयन रँडच्या 'द फाउंटनहेड'चा मराठी अनुवाद. आठ दिवसांत वाचून काढला होता, डोळे तांबारलेले होते. "मॅडम, ह्यातला माणूस कुणालाच विचारत न्हाई," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आमच्या घरी सात जणांनी बसून माझं ठरवलं. आठवा मी. मला तेवढं विचारायचं ऱ्हायलं."

ठरलं होतं ते असं. चुलत्याच्या सुताच्या दुकानात हिशेब लिहायला बसायचं. वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात मागावर टॉवेल विणतात, थोरल्या बहिणीचं लग्न व्हायचंय, पुण्याला पाठवायला पैसा नाही. मुलाला पुण्याला जाऊन ॲनिमेशन शिकायचं होतं. त्या सात जणांत वाईट कुणीच नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या परीनं त्याचं भलंच पाहिलं होतं, आणि म्हणूनच त्याला तक्रारही करता येत नव्हती. ती कोंडी त्या पुस्तकानं फोडली होती.

मीही विशीत ते वाचलं आहे, झपाटून वाचलं आहे. पण आता त्यातलं एक प्रकरण माझ्या घशाखाली उतरत नाही. १९४३ साली आलेल्या त्या कादंबरीचा नायक वास्तुशिल्पी आहे. गरिबांसाठी बांधल्या जाणाऱ्या सरकारी घरांचा आराखडा तो दुसऱ्याच्या नावानं करून देतो, अट एकच की त्यात काडीचाही फरक करायचा नाही. फरक केला जातो, आणि हा माणूस त्या इमारती सुरुंगानं उडवून देतो. मग कोर्टात आपल्या निर्मितीच्या हक्काबद्दल लांबलचक भाषण करतो आणि निर्दोष सुटतो. इतक्या मोठ्या पुस्तकात त्या घरांची वाट बघत बसलेल्या माणसांपैकी एकाच्याही मनाचा ठाव लेखिका घेत नाही. मी त्या मुलाला एवढंच विचारलं, "ते घर तुझ्या आईला मिळणार असतं तर?" त्याची आई विड्या वळते. तो गप्प झाला. त्याला गप्प करून मला काही आनंद झाला नाही, कारण त्याचा प्रश्न खराच होता आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं.

दुसऱ्या टोकाची कादंबरीही जगात आहे. रशियन लेखक झाम्यातिन यानं १९२०-२१च्या सुमारास 'आम्ही' याच अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. तिच्यात माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. घरं काचेची. पडदा ओढायचा तर चिठ्ठी लागते, तीही ठरल्या वेळेपुरती. सोव्हिएत देशात हे पुस्तक छापून यायला १९८८ साल उजाडलं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा काचेच्या घरांचं मला फारसं नवल वाटलं नव्हतं. मिलच्या चाळीत दिवसा दार लावलं की शेजारीण विचारायची, "काय गं, बरं न्हाई का?" त्या विचारण्यात माया होती आणि पहाराही होता. दोन्ही एकाच वाक्यात.

आपल्याकडे हा वाद निघाला की लगेच दोन फळ्या पडतात. एकीकडे 'आपली कुटुंबव्यवस्था, आपलं गाव, आपला समाज' आणि दुसरीकडे 'पाश्चात्त्यांचा व्यक्तिवाद'. मला ही मांडणीच चुकीची वाटते. समूह मोठा की माणूस, यावर भांडत बसलं तर जन्म जाईल. ज्या समूहात मी आहे तिथं मला विचारलं जातं का, आणि मी नाही म्हटलं तर माझं काय होतं, एवढं सांगा. माझ्या दृष्टीनं सगळं त्यावर अवलंबून आहे.

सोलापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सिद्धेश्वर मंदिराशेजारी आपला संमती कट्टा आहे. संक्रांतीच्या वेळच्या गड्ड्याच्या यात्रेत भोगीच्या दिवशी तिथं अक्षता सोहळा होतो. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त सात नंदीध्वज पेलत आणतात आणि सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं. कथा बाराव्या शतकातली. कुंभाराच्या एका मुलीनं सिद्धरामांशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी, म्हणून त्यांनी आपला योगदंड पुढं केला. अक्षता पडण्याआधी कट्ट्यावर संमतीचं वाचन होतं. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' कानावर आलं की हजारो हात एकदम वर जातात. वडिलांच्या खांद्यावर बसून मीही अक्षता टाकल्या आहेत. एका मुलीच्या इच्छेच्या लग्नाला आख्खं शहर नऊशे वर्षं जमतं आहे, ही गोष्ट मला आजही हलवून जाते. (पुढं होमाच्या विधीत ती सती गेल्याचा भाग येतो, तिथं माझं मन अडतं. ते तसंच अडू द्यावं, असं मला वाटतं.)

नंदीध्वज कसा पेलतात तेही जवळून पाहण्यासारखं आहे. ती उंच काठी एका वेळी एकाच्याच कमरेवर असते. भोवतीचे सावरायला असतात, एक दमला की दुसरा पुढं होतो. वेगवेगळ्या समाजांकडे वेगवेगळ्या काठ्यांचा मान आहे आणि त्यासाठी आधीपासून सराव चालतो. भोवती माणसं नसतील तर एकट्यानं काठी निघत नाही, आणि पेलणाऱ्याच्या मनात नसेल तर भोवती कितीही माणसं असून उपयोग नाही. गर्दीत उभी राहून हे बघताना मला दरवर्षी वाटतं, की समूह आणि माणूस यांचं नातं आपल्याला हातानं, कमरेनं समजतं. घरी आलो की मात्र विसरतो.

घरचीच गोष्ट सांगते. माझी मावशी चाळीस वर्षं विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून कात्रीनं कापलेली तेंदूची पानं. गल्लीतल्या आठदहा बाया उंबऱ्याला लागून ओळीनं बसायच्या. काम एकत्र, बोलणं एकत्र, हजार विड्यांची मोजणी मात्र जिची तिची. या बायांची भिशी होती, वीस जणींची. मावशीचे अकरा हप्ते भरून झाले होते, चिठ्ठी अजून निघायची होती. त्याच सुमाराला मावशीच्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं.

कुणी भांडायला आलं नाही. एका संध्याकाळी भिशीचा हिशेब ठेवणारी बाई आली, उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, आणि प्लास्टिकच्या पिशवीत अकरा हप्त्यांचे पैसे ठेवून गेली. मावशीनं पाणी आणेपर्यंत ती वळलीही होती. पैसे मोजले, एक रुपया कमी नव्हता. मी तिथंच होते, रागानं माझे हात कापत होते. मावशी म्हणाली, "कशाला वाईट वाटून घेतीस? पैसं तर दिलं की गं." पण त्यानंतर ती उंबऱ्यावर बसून विडी वळेना. आत, चुलीशेजारी, चाळीसच्या बल्बखाली वळायची. पुढची दोन वर्षं गल्लीत कुणाकडं हळदीकुंकू असलं की बोलावणारी बाई आमच्या दारावरून पुढं जायची. शेजारच्या घरात वाट्या वाजलेल्या आम्हाला ऐकू यायच्या.

समाज म्हणून आपण एकमेकांना केवढी शिक्षा देऊ शकतो, आणि तीही आवाज न चढवता, हे मी त्या पिशवीत पाहिलं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. जातपंचायतीला त्यानं धाक बसावा, बसायलाच हवा. पण परत केलेल्या भिशीवर कुठलं कलम लावणार? तिथं आपल्यालाच आपल्याकडं बघावं लागतं. आणि मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे, की त्या वीस बायांतल्या निदान पाचसहा जणींना मावशीला काढायचं नव्हतं. त्यांनीच पुढं सांगितलं तसं. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. 'समाजाचं मत' म्हणतात ते पुष्कळदा असं तयार होतं. दोघंतिघं बोलतात आणि बाकीचे आपलंच मत वेगळं असेल या भीतीनं गप्प बसतात.

म्हणून संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे सांगितलं ते मला इथं, सोलापुरात बसून, फार जवळचं वाटतं. मसुद्यानं गाव बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक धरला याचा आपल्याला आनंद आहे, असं ते म्हणाले. गावाविषयी ते किती कठोर बोलले हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्या कठोरपणात अतिशयोक्तीचा लवलेश नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' हे आत्मकथन १९८४ साली आलं. पाटलाचं रक्त आणि दलित आई, म्हणून दोन्हीकडून परका ठरलेला मुलगा तिथं 'मी' म्हणतो. हा 'मी' सुरुंग लावणाऱ्या वास्तुशिल्प्याच्या 'मी'सारखा नाही. त्याला कुणाच्या वरचढ व्हायचं नाही. माझं नाव लिहा, मला मोजा, एवढंच त्याचं मागणं आहे. व्यक्तिवाद म्हणजे श्रीमंत, सुशिक्षित लोकांचं खूळ, असं जे म्हणतात त्यांनी हे पुस्तक वाचताना ते वाक्य एकदा मोठ्यानं म्हणून बघावं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, बाई समूहाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. उलट आज माझी मोठी काळजी दुसऱ्या बाजूची आहे.

सोलापूरची जुनी मिल १८७७ सालची. मागाहून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा मिली उभ्या राहिल्या. शहर भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. मग त्या एकेक करत बंद पडल्या. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी माणसं एका खात्यात, एका पाळीत होती, ती पांगली. आज त्यांची नातवंडं पुण्यात हिंजवडी-वाकडला तिघं-तिघं मिळून खोली घेऊन राहतात, आणि इकडं म्हातारी माणसं म्हणतात, "आताची पोरं आपापलं बघतात." मला 'बनगरवाडी' आठवते. माडगूळकरांची ती कादंबरी १९५५ची आणि तो माणदेश आपल्या सांगोल्याला लागून आहे. तरुण मास्तराच्या डोक्यातली तालमीची कल्पना आख्खी वाडी अंगावर घेते, राबून इमारत उभी करते. पुढं दुष्काळ पडतो आणि तीच वाडी मेंढरं घेऊन पांगते. वाडी सोडून जाणाऱ्याला लेखक स्वार्थी म्हणत नाही, पाऊस पडला नाही एवढंच सांगतो. आपण आपल्या पोरांना तेवढासुद्धा न्याय देत नाही. मिल बंद पडली, कॉलेजातून बाहेर पडल्यावर इथं काम नाही, म्हणून ती गेली. त्यांनी समूह मोडला नाही, मोडलेल्या समूहातून ती बाहेर पडली.

आणि जिथं गेली तिथं त्यांना काय सांगितलं जातं? तू स्वतंत्र आहेस. माझा एक भाचा मोटारसायकलवरून घरोघर जेवणाचे डबे पोचवतो. त्याला कामगार म्हणत नाहीत, 'पार्टनर' म्हणतात. पावसात गाडी घसरली, गुडघा फुटला, तीन आठवडे घरी बसला. त्या तीन आठवड्यांची कमाई शून्य, कारण पार्टनर ना! कुणाकडं जाऊन बोलायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, बोलायला माणूसच नव्हता, फक्त मोबाइलवरचं एक बटण होतं. त्याची आजी, म्हणजे तीच विड्या वळणारी माझी मावशी, हे ऐकून म्हणाली, "तुमची युनियन न्हाई का?" तिला ते खरंच कळेना. ती उभ्या आयुष्यात कारखान्याच्या छताखाली बसली नाही, घरीच वळत आली, तरी १९६६च्या विडी कामगार कायद्यानं घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगार धरली गेली. तिच्याकडं ओळखपत्र आहे, फंडाचा हिशेब आहे. ते कागदावर यायला आणि कागदावरून हातात पडायला बायांना किती मोर्चे काढावे लागले, ते तिच्या टाचांना विचारा.

म्हणून मला वाटतं, दोन्ही शब्दांच्या आडून चोरी चालू आहे. 'आपण सगळे एक' म्हणत माणसाची संमती काढून घेतली जाते, आणि 'तू स्वतंत्र आहेस' म्हणत त्याच्या पाठीशी उभी राहणारी माणसं काढून घेतली जातात. सोलापूरच्या तरुणाच्या वाट्याला आज दोन्ही आलं आहे. लग्न कुणाशी करायचं हे घर ठरवतं, आणि गुडघा फुटला की तो एकटा असतो. याला ना धड समूह म्हणता येतं, ना धड स्वातंत्र्य.

यावर एक आक्षेप खरोखर अवघड आहे आणि तो मी टाळणार नाही. संप. संपात प्रत्येकाची संमती धरत बसलं तर संप होतच नाही. जो आत जाऊन मशीन चालू करतो त्याचं 'नाही' बाकीच्यांच्या पोटावर येतं. मिल कामगाराची मुलगी आहे मी. संपात फुटलेल्या माणसाविषयी आमच्या घरात काय बोललं जायचं ते मला पाठ आहे, आणि वडिलांची बाजूच बरोबर होती असं मी आजही मानते. पण त्याच वडिलांनी एकदा अशा फुटलेल्या माणसाच्या आजारी पोराला रात्री सायकलवरून सिव्हिलला नेलं होतं. दुसऱ्या दिवशी गेटवर त्याच्याशी पुन्हा कडाक्याचं भांडण. आईनं विचारलं तर म्हणाले, "भांडण गेटवरचं हाय." मला ती रेघ पटते. समूहानं नाही म्हणणाऱ्याशी वाद घालावा, मतदान घ्यावं, पाडावं, शब्दांनी झोडपावं. त्याचं पाणी, त्याचं पोर, त्याच्या लेकीचं लग्न, त्याची भिशी यांना हात लावू नये. गेटवरचं भांडण गेटवर राहिलं तर माणूस उद्या परत येऊ शकतो. वडिलांच्या संपातला तो माणूस पुढच्या संपात आला होता.

समूहाच्या बाजूनं मला सगळ्यात भक्कम पुरावा दिसतो तो सोलापूरजवळच्या कुंभारीला. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावानं विडी कामगार बायांची सहकारी घरकुल संस्था झाली, कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम म्हणजे आमचे आडम मास्तर यांच्या पुढाकारानं. दहा हजार घरं. सरकारचा वाटा आणि बायांचा स्वतःचा वाटा मिळून ती उभी राहिली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. पुढं शेजारीच रे नगर ही वसाहत झाली, त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली. पक्ष कुठला, सरकार कुणाचं, हे वाद ज्यांना घालायचे त्यांनी घालावेत. मला दिसतं ते असं. हजारो बाया एकत्र चालल्या आणि शेवटी प्रत्येकीच्या हातात तिची एकटीची किल्ली आली. एकट्या बाईनं सात जन्म विड्या वळल्या असत्या तरी ते घर झालं नसतं. घराला आतून कडी लावायचा हक्क मात्र तिचा एकटीचा. त्या कादंबरीतला नायक जी घरं उडवतो आणि कुंभारीत बायांनी जी उभी केली, ती शेजारी-शेजारी ठेवून बघा, असं मी आता वर्गात सांगते.

आमच्या संतांनी आणि लिंगायत शरणांनी हे फार आधी ओळखलं होतं. वारीत दिंडी सगळ्यांची, टाळ सगळ्यांचे, पण अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे', 'म्हणे जनी'. सिद्धरामेश्वरांच्या वचनांनाही त्यांची स्वतःची मुद्रा आहे, 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन'. गाणार सगळे, पण बोलणारी कोण हे विसरायचं नाही.

तो विद्यार्थी शेवटी पुण्याला गेला. मी काही जादू केली नाही. त्याच्या घरी जाऊन एवढंच म्हटलं, की पुन्हा एकदा बसा, या वेळी त्यालाही बसवा. दोन तास बसले. दोन वर्षं दुकानात हिशेब लिहायचा, बहिणीचं लग्न उरकायचं आणि मग जायचं, असं आधी निघालं. मग बहिणीनंच तोंड उघडलं. म्हणाली, "माझं लग्न मला एवढ्यात करायचंच न्हाई." तिलाही त्या दिवसापर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

मावशी आता कुंभारीला असते. गेल्या दिवाळीत गेले तर दारात पाचसहा जणी विड्या वळत बसल्या होत्या, प्रत्येकीची बोली निराळी. नवी भिशी सुरू झाली आहे आणि हिशेब मावशीकडं आहे. तिनं वही दाखवली, शंभर पानी. पहिल्या पानावर वीस नावं, प्रत्येक नावापुढं सही किंवा अंगठा. नावांच्या वर, सगळ्यात आधी, तिनं नातीकडून लिहून घेतलेली ओळ होती: "मधेच सोडायची असंल तर सोडता येईल. कुणालाबी काढायचं असंल तर तिला समोर बसवून सगळ्यांनी बोलायचं." मी वाचत होते तोवर तिनं विसावी विडी बांधली, दोरा तोडला आणि म्हणाली, "चहा घेतीस का जेवतीस?"